खेकड्याच्या कवचातील धागे

खेकडे, कोळंबी आणि शेवंड यांची दरवर्षी 60 ते 80 लाख टन टरफले जगभर कचऱ्यात जातात, असा 2015 मधील एक अंदाज आहे. या टरफलांतील कायटिन हा पदार्थ विज्ञानाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. मात्र खेकड्याच्या कवचातील त्याचे लांब, एकसारख्या जाडीचे धागे सुटे करायला 2009 साल उजाडावे लागले. असे का झाले, ते आपण पाहू.

1811 मध्ये फ्रान्समधील आंरी ब्राकोनो यांना हा पदार्थ प्रथम अळिंबीत सापडला. 1823 मध्ये ओदिए यांना तो कीटकांच्या कठीण पंखांत मिळाला. अंगरख्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी त्याला कायटिन हे नाव दिले. 1929 मध्ये झुरिच येथे आल्बर्ट होफमान यांनी गोगलगाईच्या पाचकरसाने त्याचे विघटन करून रचनेचा शोध घेतला. लाकडातील सेल्युलोजप्रमाणेच कायटिनही शर्करेच्या कड्यांची लांब साखळी आहे. फक्त त्याच्या प्रत्येक कडीवर नायट्रोजनयुक्त गट असतो.

कायटिन पाण्यात विरघळत नाही. शिवाय शुद्ध केल्यावर ते वाळवले, की त्याचे सूक्ष्म धागे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरतात. शिजवून निथळलेल्या शेवया वाळल्या, की त्यांचा गोळा होतो, तसेच हे.

वाट दाखवली ती लाकडाने. 2007 मध्ये क्योतो विद्यापीठात लाकडाचा लगदा न वाळवता दळून सुमारे 15 नॅनोमीटर जाडीचे धागे मिळवले गेले. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) 2009 मध्ये तोत्तोरी विद्यापीठाचे शिन्सुके इफुकु व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती खेकड्याच्या कवचावर वापरली. आम्लाने चुन्याचे क्षार, अल्कलीने प्रथिने व अल्कोहोलने रंग काढला. उरलेले कायटिन ओले असतानाच जात्यासारख्या घासणाऱ्या दोन चकत्यांमधून दळले. त्यातून 10 ते 20 नॅनोमीटर जाडीचे धागे मिळाले.

म्हणजे धागे माणसाने बनवले नाहीत. ते कवचात होतेच. 2012 मध्ये क्योतोच्या संशोधकांनी अख्ख्या खेकड्यातील क्षार, प्रथिने व रंग काढून त्यात राळ मुरवली, तेव्हा तो पारदर्शक झाला! हे धागे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ बारीक असल्याने प्रकाश फारसा विखुरत नाही. म्हणूनच पारदर्शक तरीही मजबूत पत्र्यांसाठी हे धागे उपयोगी आहेत.

वर्गात खेकड्याच्या कवचाचा पातळ तुकडा व्हिनेगरमध्ये ठेवून पाहावा. बुडबुडे येतात आणि हळूहळू तुकडा लवचिक होतो. क्षार जातात; कायटिन व प्रथिने उरतात.

पण हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे आहेत, हे विसरू नये. कारखान्यात आम्ल व अल्कली मोठ्या प्रमाणावर लागतात आणि त्यांचे सांडपाणी उरते. एक कचरा संपवताना दुसरा निर्माण झाला, तर आपण काय मिळवले? या धाग्यांचे खरे मोल ठरवताना हा हिशेबही मांडावा लागेल.