धोतऱ्याची अर्धी रोपं

लहानपणी परसातल्या धोतऱ्याला हात लावला की आजी ओरडायची, "विषारी आहे ते, आधी हात धू!" महाशिवरात्रीला मात्र तीच फुलं शोधत फिरायची.

ह्याच धोतऱ्याच्या एका जातीवर १९६४ साली दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी काम करत होते. काचेच्या नळीत परागकोश वाढवून त्यांना पेशींचं विभाजन बघायचं होतं. झालं भलतंच! परागकोशातून चक्क चिमुकले भ्रूण डोकावू लागले. ते परागकोशाच्या भिंतीतून आले असते तर फारसं नवल नव्हतं. पण १९६६ मध्ये दोघांनी दाखवून दिलं की ते परागकणांतूनच उगवलेत. म्हणजे गुणसूत्रं २४ नव्हे, १२च. बीजांडाचा वाटाच नाही. (मधमाश्यांतला नर असाच अर्ध्यावर जगतो, फक्त तिथे बाप नसतो!)

अशी रोपं वांझ असतात. पण कोल्चिसिन देऊन गुणसूत्रं दुप्पट केली की दोन्ही संच हुबेहूब सारखे. एरवी शुद्ध वाणासाठी सहा-सात पिढ्या थांबावं लागतं, तो इथे एका पिढीत हाती येतो. जपानमध्ये १९६८ साली परागकोशातून भाताची रोपं निघाली, पुढे चीनमध्ये अशा जाती शेतातही गेल्या.

बी.एस्सी.ला मी 'गुहा व माहेश्वरी, १९६४' एवढंच घोकलं होतं. दोघेही पुरुष असणार असं धरून चालले होते. गुहा ही तेव्हाची पंचविशीतली मुलगी होती, हे मला कळलं तोवर त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्या २००७ मध्ये गेल्या. त्या साली मी दिल्लीतच नोकरीला होते.