अक्षरकर्त्याचे नाव आणि त्याचे वाहन : नंदिवर्धनच्या ताम्रपटापासून आजच्या ब्लॉगपर्यंत

प्राचीन लेखांचे वाचन करताना अभ्यासकाचे लक्ष राजवंश, दान आणि कालगणना यांवर खिळलेले असते. ज्याने ती अक्षरे प्रत्यक्ष घडविली त्या कारागिराचा विचार क्वचितच होतो. रचनाकाराचे नाव आणि काम त्याच्या व्यवसायबंधूंपर्यंत व पुढील पिढ्यांपर्यंत कोणत्या साधनाने पोचते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. रामटेकच्या परिसरात याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे आढळतात.

पहिले उदाहरण रामटेकच्या टेकडीवरील केवल नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेखाचे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो उजेडात आला. प्रभावतीगुप्तेच्या स्मरणार्थ स्थापिलेल्या प्रभावतीस्वामी या देवतेचा त्यात उल्लेख आहे. म्हणूनच वाकाटकांच्या इतिहासात त्याला मोठे महत्त्व प्राप्त झाले. परंतु भिंतीतील हा लेख पुष्कळसा झिजला आहे, आणि तो कोरणाऱ्याचे नाव आज उपलब्ध असलेल्या भागावरून ज्ञात होत नाही. लेख जागच्या जागी राहिला, त्याची दुसरी प्रत नव्हती. भिंतीचे जे झाले तेच लेखाचे झाले.

दुसरे उदाहरण प्रभावतीगुप्तेच्या तेराव्या वर्षाच्या ताम्रपटाचे. तो नंदिवर्धन, म्हणजे रामटेकनजीकचे आजचे नगरधन, येथून दिला गेला आणि शतकांनंतर अहमदनगरच्या एका तांबट कुटुंबाकडे मिळाला. विद्वानांत तो ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांच्या १९६३ च्या संग्रहात त्याचे साक्षेपी संपादन केले. या ताम्रपटाच्या शेवटी तो कोरणाऱ्या चक्रदासाचे नाव आहे. त्याची लिपी वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांप्रमाणे पेटिकाशीर्षक नसून खिळ्यासारख्या शीर्षाची आहे. त्यावरून लेखकावर उत्तरेकडील गुप्तांच्या लेखनपरंपरेचा संस्कार होता, असे अनुमान काढले जाते. एका नावामुळे आणि अक्षरांच्या वळणामुळे कारागिराच्या परंपरेचा प्रश्न विचारणे शक्य झाले, ही गोष्ट लक्षणीय होय. ताम्रपट दानग्रहीत्याच्या स्वाधीन असे आणि हातोहात जाई. वाहन सुटसुटीत होते, म्हणूनच तो इतका दूरचा प्रवास करू शकला.

मुद्रणयुगात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. मुंबईत जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी टाइप सर्वत्र नावाजले गेले. त्यांचे ठसे कोरणाऱ्या राणोजी रावजी आरू यांचे नाव मात्र जाणकारांपुरतेच राहिले. टाइप ओतणारे कारखाने नमुनापुस्तके छापीत. परंतु ती कारखान्याच्या नावाने निघत, कोरणाराच्या नावाने नव्हे. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथात देवनागरी मुद्राक्षरांचा इतिहास संकलित केला नसता, तर यातील कितीतरी माहिती विरून गेली असती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी रचनाकाराला प्रथमच मध्यस्थाशिवाय स्वतःचे पान लाभले. ब्लॉगर (१९९९), वर्डप्रेस (२००३) आणि टंबलर (२००७) यांसारख्या साधनांमुळे, संगणकाची विशेष जाण नसतानाही, कच्चे आराखडे, फसलेले प्रयत्न आणि पूर्ण झालेली रचना क्रमाने मांडता येऊ लागली. नमुनापुस्तकात केवळ सिद्ध अक्षर दिसे. येथे त्याची घडण दिसते. इतिहासकाराच्या दृष्टीने हा लाभ अपूर्व आहे.

तथापि हे पान ज्या भिंतीवर लिहिले जाते ती परकी असते. केवळ ईमेल पाठवून मजकूर व चित्रे प्रसिद्ध करण्याची सोय देणारी पोस्टरस ही सेवा २००८ मध्ये निघाली, २०१२ मध्ये ट्विटरने विकत घेतली आणि ३० एप्रिल २०१३ रोजी बंद झाली. ज्यांनी मुदतीत प्रती काढून घेतल्या नाहीत, त्यांची पाने लोपली. साधन जितके सुलभ तितके ते टिकाऊ असेलच, असे नाही.

मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्ता’ हा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून त्याची प्रत कोणीही जवळ ठेवू शकतो. शिवाय टंकाच्या फाइलमध्ये रचनाकाराच्या नावासाठी स्वतंत्र जागा असते. चक्रदासाचे नाव ताम्रपटाच्या शेवटी यावे, तशीच ही योजना आहे.

तात्पर्य, कर्त्याचे नाव कृतीतच कोरलेले असणे आणि कृतीच्या प्रती अनेकांच्या स्वाधीन असणे, या दोन गोष्टींवर कारागिराची स्मृती अवलंबून राहते. आजच्या ब्लॉगने पहिली गोष्ट सुलभ केली. दुसरीची हमी तो देत नाही. मराठी अक्षररचनाकारांच्या पानांच्या प्रती वेळीच जतन करणे हे आता विद्यापीठीय ग्रंथालयांचे कार्य होय. अन्यथा पुढील संशोधकाला आपल्या काळातील अक्षरे तेवढी मिळतील, ती घडविणारी माणसे मिळणार नाहीत.