शेख, नीलिमा

(१९४५– ). भारतीय चित्रकर्ती. जन्म नवी दिल्ली येथे. लघुचित्रांची परंपरा आणि लोकगीते, लोककथा यांच्या आधारे स्त्रीजीवन चितारणाऱ्या समकालीन कलावंतांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. दिल्ली विद्यापीठात इतिहासाचे शिक्षण घेऊन त्या बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात चित्रकलेकडे वळल्या. तेथे के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे गुरू. पदव्युत्तर शिक्षण १९७१ मध्ये पूर्ण झाले; पुढे काही वर्षे त्यांनी तेथेच अध्यापन केले. चित्रकार गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे पती. तैलरंग मागे ठेवून त्यांनी टेंपेरा हे माध्यम स्वीकारले. लघुचित्राचे तंत्र त्या बऱ्याच अंशी स्वतःच शिकल्या आणि नाथद्वाऱ्याच्या पिछवाई (देवमूर्तीमागील चित्रित पडदे) चित्रकारांच्या कामाचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

‘व्हेन चंपा ग्र्यू अप’ (१९८४) ही बारा चित्रांची मालिका त्यांच्या कामात सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. हुंडाबळींविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या आणि सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील कलम ४९८-अ १९८३ मध्ये आले होते, त्या काळातील हे काम. त्यांच्या ओळखीतील एका मुलीची ही कहाणी. झोक्यावर, सायकलवर रमणारी चंपा. मग लग्न, सासर, स्वयंपाकघर आणि अखेर खून. सोबतीला गुजराती लोकगीते येतात. सासुरवासाचे दुःख बायका पिढ्यान्‌पिढ्या गाण्यांतून सांगत आल्या, त्यामुळे चंपाचे मरण एकट्या चंपाचे राहत नाही. राजपूत व पहाडी चित्रांत झोका शृंगाराचा, नायिकेचा; येथे तो खेळणाऱ्या पोरीचा आहे. आकार लहान असल्याने चित्राच्या अगदी जवळ जावे लागते. हिंसेचा देखावा न मांडता ती इतक्या निकट आणून दाखवणे, हे या मालिकेचे मोठे यश आहे.

अर्पिता सिंग, माधवी पारेख आणि मुंबईच्या नलिनी मलानी यांच्यासह त्यांनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन १९८७ ते १९८९ या काळात देशातील निरनिराळ्या शहरांत नेले. भारतीय चित्रकर्तींनी स्वतःहून एकत्र येऊन उभारलेल्या प्रदर्शनांत त्याला मानाचे स्थान आहे. अनुराधा कपूर यांच्या ‘विवादी’ या नाट्यसंस्थेसाठी त्यांनी रंगवलेले पडदे हाही याच सहकार्याच्या वृत्तीचा भाग.

रंगभूमीच्या या अनुभवाबरोबर त्यांच्या चित्रांचा आकार वाढत गेला. ‘शामियाना’ (१९९६) मध्ये रंगवलेल्या छताखाली दोन्ही बाजूंनी पाहता येणारे पट टांगले आहेत. ही कलाकृती ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत आहे. लहानपणापासून ज्या काश्मीरमध्ये त्या जात आल्या, त्याच्या होरपळीवर २००३ च्या सुमारास त्यांनी मोठी पटमालिका हाती घेतली. ‘ईच नाइट पुट काश्मीर इन युअर ड्रीम्स’ हे तिचे शीर्षक काश्मिरी कवी आगा शाहिद अली यांच्या काव्यावरून घेतले आहे. पटांच्या मागील बाजूस काश्मीरची संत कवयित्री लल्लेश्वरी, इतिहासकार कल्हण इत्यादींचे शब्द आहेत. नक्षीसाठी मथुरेच्या सांझी कारागिरांनी कापलेले कागदी साचे वापरले आहेत. कारागिरी दुय्यम व बायकी मानणाऱ्या कलादृष्टीला हे काम ठाम उत्तर देते. ही मालिका २०१४ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मांडली गेली. स्थलांतर व विस्थापन यांवरील ‘टेरेन’ हे त्यांचे काम २०१७ च्या डॉक्युमेंटा या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होते.