पोस्तोयनाची गुहा आणि तिचे प्रवासी

स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्येस पोस्तोयना गावाजवळ पिव्का ही लहानशी नदी डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत शिरते आणि काही किलोमीटर अंधारातून वाहत जाऊन प्लानिना येथील दुसऱ्या गुहेच्या मुखातून उनित्सा या नावाने पुन्हा उजेडात येते. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते, त्यात चुनखडी हळूहळू झिजते आणि खडकातील भेगांची भुयारे बनतात. अशा भूप्रदेशाला भूशास्त्रात ‘कार्स्ट’ म्हणतात, आणि ही संज्ञा याच परिसरातील क्रास पठारावरून घेतलेली आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा असून तो खडक असा विरघळत नसल्यामुळे मराठी वाचकाच्या परिचयाची गुहा म्हणजे बहुधा छिन्नीने कोरलेले लेणे असते. पोस्तोयनात कोरण्याचे काम नदीनेच केले. परंतु ती जसजशी खोल उतरत गेली तसतसे तिचे जुने मार्ग वर कोरडे पडले, आणि गेल्या दोनशे वर्षांतले पर्यटन वाढले ते या कोरड्या मजल्यांवर.

गुहेचा दर्शनी भाग मध्ययुगापासून लोकांना ठाऊक होता. तेथील भिंतींवर जुन्या प्रवाशांच्या सह्या असून त्यांतील सर्वांत जुनी १२१३ सालची मानली जाते. वाल्वासोर या बहुश्रुत सरदाराने १६८९ साली प्रसिद्ध केलेल्या कार्निओला प्रांताच्या वर्णनग्रंथात या परिसरातील गुहांना बरीच जागा दिली, आणि पुराच्या पाण्याबरोबर झऱ्यांतून बाहेर येणारा फिकट, आंधळा जलचर हे ड्रॅगनचे पिल्लू होय, ही लोकसमजूतही नोंदवली. हा प्राणी म्हणजे ‘ओल्म’, भूमिगत पाण्यात राहणारा एक उभयचर.

१८१८ साली ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्झ गुहा पाहायला येणार म्हणून दिवाबत्तीची तयारी चालू असताना लुका चेच हा स्थानिक कामगार नदीपलीकडील खडकावर चढून आत गेला आणि लवणस्तंभांनी भरलेली प्रचंड दालने त्याला सापडली. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून वरून खाली लोंबणारे आणि जमिनीवरून वर वाढणारे जे खांब तयार होतात, त्यांना लवणस्तंभ म्हणतात. या शोधाचे श्रेय दीर्घकाळ एका सरकारी अधिकाऱ्याच्या नावावर जमा राहिले, यात नवल वाटण्याचे कारण नाही. १८१९ पासून गुहा रीतसर खुली झाली, अभ्यागतांची वही ठेवण्यात आली आणि वाट दाखवणे हा गावकऱ्यांचा व्यवसाय बनला.

या व्यवसायाला खरी भरती आली ती १८५७ साली व्हिएन्ना–त्रिएस्ते लोहमार्ग पूर्ण झाल्यावर, कारण तो पोस्तोयनावरून जात असल्याने शहरातील प्रवाशाला गुहा सहज गाठता येऊ लागली. १८७२ साली गुहेच्या आतही रूळ टाकण्यात आले. त्यांवर इंजिन नव्हते. हलक्या लहान गाड्यांत प्रवासी बसत आणि वाटाडे त्या गाड्या हातांनी ढकलत नेत. आज जिला जगातील पहिल्या गुहा-रेल्वेंपैकी एक म्हणून मिरवले जाते, तिची पहिल्या अर्धशतकाची चाल माणसांच्या बळावर झाली, ही गोष्ट प्रचारपत्रकांत फारशी ठळक नसते. पेट्रोलचे इंजिन १९२४ साली आले. विजेचे दिवे मात्र त्याआधी चाळीस वर्षे, १८८४ सालीच लागले होते. राजधानी ल्युब्लियानाला वीज मिळाली ती १८९८ साली. मशालींच्या काजळीपासून दगडाची सुटका झाली हे खरे, तरी दिव्यांच्या उजेडात भिंतींवर हिरवे शेवाळ धरू लागले आणि ते खरवडण्याचे एक नवे काम निर्माण झाले. मोठी काजळी पुढे युद्धाने आणली: जर्मन सैन्याने प्रवेशदालनात साठवलेले इंधन १९४४ च्या एप्रिलमध्ये पार्टिझान गनिमांनी पेटवून दिले, आणि तेथील भिंती अद्याप काळ्या आहेत.

नदी टाळणे हे जर पोस्तोयनाच्या यशाचे मर्म मानले, तर त्याच प्रदेशातील श्कोत्सियानची गुहा त्याच्या उलट बाजूची साक्ष देते. तेथे रेका नदी अजूनही मुख्य भुयारातूनच गर्जत जाते आणि सुमारे ३५ किलोमीटरवर, इटलीतील तिमावोच्या झऱ्यांशी, बाहेर पडते. गोड्या पाण्याच्या टंचाईने गांजलेल्या त्रिएस्ते बंदराला या पाण्याची आस होती. १८४१ साली लिंडनर नावाच्या शोधकाने शहराजवळच्या विवरात ३२९ मीटर खोलीवर भूमिगत नदी गाठलीही, पण इतक्या खोलीवरून पाणी वर उपसणे त्या काळी शक्य नव्हते. पुढे १८८४ पासून अंतोन हांके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धबधब्यामागून धबधबा ओलांडत १८९० साली प्रवाहाच्या टोकाचे ‘मृत सरोवर’ गाठले. त्यांच्यासाठी आसपासच्या खेड्यांतील माणसांनी उभ्या कड्यांत जेमतेम पाऊल मावेल एवढ्या पायऱ्या खोदल्या, कारण पुराच्या वेळी नदी कित्येक मीटर चढते आणि सुटकेची वाट वरच्या बाजूलाच हवी होती. रूळ टाकण्याजोगी सपाट जागा येथे मिळाली नाही. प्रवासी आजही पायीच जातो आणि प्रवाहाच्या सुमारे ४५ मीटर वरून पूल ओलांडतो. विजेचे दिवे श्कोत्सियानला १९५९ साली लागले, म्हणजे पोस्तोयनानंतर पाऊणशे वर्षांनी.