नाणेघाट : आबांची वाट आणि भिंतीवरच्या गायी

भात झोडून घरात आलं, वालाची पेरणी उरकली, म्हणून रविवारी घरची सगळी मिळून नाणेघाट चढलो. मुरबाडकडून जाताना वैशाखऱ्याच्या पुढे डांबरी सोडली की रान लागतं. ऐन, हिरडा, करवंदीच्या जाळ्या आणि मधून दगडी वाट. आबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण हट्ट त्यांचाच. लहानपणी ते वडिलांबरोबर डोक्यावर तांदूळ घेऊन याच वाटेने जुन्नरच्या बाजाराला जायचे. आम्हाला साडेतीन तास लागले.

वाट सातवाहनांच्या काळातली, म्हणजे 2000 वर्षांहून जुनी. खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण. माल याच खिंडीतून चढायचा-उतरायचा.

माथ्याच्या जरा खाली लेणं आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, आता वरची नावं आणि पावलांच्या खुणा उरल्यात. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख. तो नागनिका राणीचा मानतात. पोरीने विचारलं, "काय लिहिलंय एवढं?" यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली त्याची यादी. 1700 गायी, 10 हत्ती. 1101 गायी तर परत परत येतात. एके ठिकाणी 24,400 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. आकडे आहेत पण शून्य नाही. 1700 लिहायला हजाराची खूण आणि तिच्याजवळ सातशेची.

आता आपल्या भाषेत हिशोब करा. एका गायीला दिवसाला 15 किलो ओला चारा धरला, तरी 1700 गायींना रोज 25 टन लागतो. तो कोणी कापला, गायी कोणाच्या गोठ्यातून आल्या, भिंतीवर काही नाही. देणाऱ्याचं नाव मात्र कोरलेलं.

वर खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकायचे, असं सगळेच सांगतात, शाळेत मीही तेच ऐकलं. पण लेखाचा जेवढा भाग वाचता आलाय त्यात जकातीचं नाव नाही. जकात घेतच असतील, एवढा राबता फुकट कोण सोडेल? पण उघड्यावरच्या रांजणात पैसे ठेवणारा राजा मला पटत नाही. आबा म्हणाले, "आम्ही यायचो तेव्हा यात पावसाचं पाणी असायचं. तोंडावर मारायचो नि पुढे." पिण्याचं पाणी शेजारच्या कोरीव टाक्यांतलं.

उतरताना गुडघे जास्त दुखतात. म्हणून आबांना वरूनच गाडीने पाठवलं, जुन्नर करून माळशेज घाटाने. आम्ही रानातून चालत उतरलो, घरी येऊन चहा टाकला, तरी त्यांची गाडी यायची होती.