बोटांचें सुख

सफाळ्याच्या आमच्या घरीं लिहिण्याच्या मेजावर सध्यां दोन यंत्रें शेजारीं शेजारीं आहेत: एक गोदरेजचा जुना मराठी टाइपरायटर, आणि दुसरा, मुलांनीं हौसेनें आणलेला, प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र स्प्रिंग असलेला संगणकाचा कळफलक. येथून रोज गाडीनें मुंबईची कचेरी गांठणाऱ्या कित्येक कारकुनांचें पोट टाइपरायटरवर चाललें. आमचे वडील बंधु त्यांतलेच. तेव्हां बोटांना कोणत्या कळेवर सुख वाटतें, हा प्रश्न आमच्या घरीं निव्वळ हौसेचा नाहीं.

शोल्स यांनीं रचलेलें यंत्र अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें 1874 सालीं विक्रीस आणलें. आपल्याकडे गोदरेजनें देशी टाइपरायटर 1955 सालीं तयार केला. या यंत्रांत बोट हेंच इंजिन असतें. कळ दाबली कीं तरफेच्या जोरानें अक्षर कोरलेली काडी उसळून शाईच्या फितीवर आपटते. करंगळीचा जोर कमी पडला, तर तिच्या वाट्याचें अक्षर फिकें उमटतें. 1961 मध्यें आलेल्या आय.बी.एम.च्या 'सिलेक्ट्रिक'सारख्या यंत्रांत हा आघात विजेच्या मोटारीकडे गेला, आणि बोटाकडे केवळ इशारा देण्याचें काम उरलें.

श्रम गेले, पण त्यांबरोबर अक्षर उमटल्याची बोटाला पटणारी खूणही गेली. संगणकाच्या स्वस्त कळफलकांत कळेखालीं रबराची टोपी असते. ती बहुधा तळापर्यंत दाबल्यावांचून इशारा पोंचत नाहीं. स्प्रिंगच्या कळा ती हरवलेली खूण परत आणूं पाहतात. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या नांवाजलेल्या कळा सुमारें 4 मिलिमीटर खालीं जातात, व साधारण निम्म्या वाटेवरच इशारा देतात. त्यांतील तांबडी सुमारें 45 ग्रॅम भारानें विनाअडथळा खालीं जाते. तपकिरीस मध्यें बारीकसा उंचवटा लागतो. निळीस सुमारें 60 ग्रॅम भार लागतो, आणि ती 'टक्' असा आवाज करते. मुलांनीं कळा बदलून दिल्या, तशा आम्हीं तिन्ही वापरून पाहिल्या. तांबडीवर बोटें थकत नाहींत, पण नुसतें टेकलेलें बोटही अक्षर उमटवून बसतें. निळी सर्वांत स्पष्ट बोलते, पण रात्रीं शेजारीं निजलेल्या माणसानें काय करावें? दीर्घ लेखनास तपकिरीच बरी, असें आमचें मत झालें. मऊपणा म्हणजे सुख नव्हे. काम झाल्याचें बोटाला वेळींच कळणें, हें सुख.

बंधूंना मात्र यांतील एकही कळ मानवली नाहीं. कारण कळेंत नव्हतें, अक्षरांच्या मांडणींत होतें. मराठी टाइपरायटर अक्षराच्या आकृतीप्रमाणें चालतो: 'कि' हें अक्षर लिहावयाचें, तर आधीं वेलांटी, मग क. भारत सरकारनें 1986 सालीं पुढें आणलेली व 1991 च्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेली 'इन्स्क्रिप्ट' मांडणी उच्चाराप्रमाणें चालते: आधीं क, मग वेलांटी, स्वर डाव्या हाताला, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळेवर. शिकावयास ती सोपी, यांत शंका नाहीं. नव्या मुलांनीं तीच शिकावी. परंतु ज्या हातानें तीस वर्षें आधीं वेलांटी दिली, त्याला हलक्यांतली हलकी कळही परकी वाटते.

परदेशीयांची कळांची तुलना ग्रॅम आणि मिलिमीटर यांवर थांबते, कारण इंग्रजी अक्षरांची जागा दीडशें वर्षांत फारशी हललीच नाहीं. मराठी बोटाला मात्र दोन सुखें लागतात: एक कळेचें, दुसरें क्रमाचें, आणि दुसरें नसेल तर पहिलें फुकट जातें.

सुदैवानें संगणकांत रेमिंग्टनची जुनी मांडणीही बसवितां येते. मुलांनीं ती बसवून दिली, तेव्हां बंधूंनीं त्याच तपकिरी कळांवर पानभर पत्र न अडखळतां लिहिलें. पहिली ओळ संपतांच मात्र त्यांचा डावा हात, संवयीनें, कागदाचा रूळ परत सरकविण्यासाठीं, तेथें नसलेल्या दांड्याकडे गेला.