न दिसणाऱ्या जखमेची नोंद

१३ फेब्रुवारी १९१५ : 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. चार्ल्स मायर्स यांचा 'शेल शॉक'वरील लेख प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात जवळच तोफगोळे फुटल्यानंतर दृष्टी, गंध, चव आणि स्मृती यांवर परिणाम झालेल्या तीन ब्रिटिश सैनिकांना त्यांनी फ्रान्समधील युद्ध रुग्णालयात तपासले होते.

अशा सैनिकांना तेव्हा अनेकदा भेकड ठरवले जाई. पळपुटेपणासारख्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने मरणोत्तर माफी दिली, ती २००६मध्ये. आघातानंतर जडणाऱ्या अशा मानसिक विकाराला, म्हणजे 'पीटीएसडी'ला, अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८०मध्ये स्थान मिळाले. आज अपघात, भूकंप, अत्याचार सोसलेल्यांवरही उपचार होतात. त्यांना 'मन घट्ट कर' एवढेच सांगून भागत नाही. वेळेवर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणे हे आपले कर्तव्य आहे.